'सोडा' म्हणेपर्यंत

माझ्या स्वभावात संशय आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही. भाजीवाल्याने न मागता कोथिंबीर टाकली की मी घेतलेली वांगी पुन्हा तपासते. शाळेत एखादं पोरगं मधल्या सुट्टीनंतर फारच शहाण्यासारखं बसलं की मी त्याचे खिसे बघते. बहुतेक वेळा काहीतरी सापडतंच. त्यामुळे अमेरिकेतल्या माझ्या थोरल्या भावाचा फोन आला आणि तो म्हणाला, "यंदा उन्हाळ्यात तुले अन मायले, दोघीले बलावून राह्यलो. सगळे मिळून मोठ्या जहाजावर फिराले जाऊ," तेव्हा आनंद व्हायच्या आधी माझ्या मनात पाल चुकचुकली.

मायला बोलावणं मी समजू शकत होते. मला कशाला? हा भाऊ तिकडे गेल्यापासून दोनदाच गावी आला होता, एकदा बाप गेला तेव्हा आणि एकदा पुण्याच्या बायकोला तळं दाखवायला. वहिनीने तळं पाहिलं, फोटो काढले आणि डासांचं मलम लावलं. त्यानंतर वर्षानुवर्षं फोनवर "बरे हा न?" एवढंच. आणि आता एकदम जहाज?

मायने तर कहरच केला. मी "नाई म्हण" असं हाताने खुणावत होते, आणि ती फोनवर सरळ म्हणाली, "येतो नं बापा. कवा याचं तेवढं सांग."

मी का हादरले ते कळायचं तर आमच्या तळ्याची रीत सांगायला हवी. आमचं घर मासे धरणाऱ्यांचं. गावाचं तळं मोठं, मालगुजारीच्या काळातलं. रोजचे मासे ज्याचे तो धरतो, पण उन्हाळा संपता संपता, पाणी उतरलं की मृगाच्या आधी मोठी ओढ होते. तेव्हा तळ्याच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जाळं पसरतात आणि त्याचे दोन दोर दोन बाजूंनी माणसं ओढत आणतात. दोरावर प्रत्येक घराची जागा ठरलेली. आमच्या घराची जागा एका दोरावर सगळ्यात पुढची, जाळ्याच्या अगदी जवळची, जिथे गाळ खोल असतो आणि पाय टिकत नाहीत. पुढच्याने दोर सैल केला की जाळं खालून उचललं जातं आणि मासे निसटतात. म्हणून नियम कडक आहे. ओढीचा मुखिया पाळीवरून, म्हणजे तळ्याच्या बांधावरून, 'सोडा' म्हणेपर्यंत दोर सोडायचा नाही. आधी सोडला तर घराची जागा गेली. एखाद्या ओढीला घराचा हात दोरावर नसला, तरी जागा गेली. मग मागचा पुढे सरकतो आणि तो वाटा त्याचा होतो.

बाप गेला तेव्हापासून आमच्या जागेवर माय उभी राहते. विधवेचा हात नवऱ्याचाच हात धरला जातो. पोटच्या मुलाचा हात अर्थातच चालतो, पण तो अमेरिकेत. लेकीचा हात चालत नाही. मी नांदायला गेले तशी काही महिन्यांत परत आले, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण झाले, मायसोबत पाळीखालच्या घरात राहू लागले, तरी तळ्याच्या हिशेबात मी पाहुणीच होते. मायच्या मागे दोरावर एक काका उभा राहतो. नात्याने काका आहे, मनाने अजिबात नाही. दर ओढीनंतर तो मायला विचारतो, "थकली नाई का वो वहिनी?" आणि दरवेळी मायऐवजी मीच उत्तर देते, "नाई थकली."

अशी माय ओढीच्या तोंडावर सातासमुद्रापार निघाली होती. आम्ही मृगाच्या आधी परत येणार असं भावाने सांगितलं होतं, पण फोनवर सांगितलेल्या गोष्टीवर मी कधी विसंबत नाही. जागा गेली असती तर आम्ही तळ्याकाठी राहणाऱ्या दोन बायका उरलो असतो, तळ्याच्या नाही. आणि माय तिकडेच राहिली असती तर एकच बाई उरली असती. रात्री कोंबड्या कोंडून दाराला कडी लावायची, आणि आत बोलायला कोणी नाही. मला याची भीती वाटत होती.

निघायच्या आधीच खुणा दिसायला लागल्या. चंद्रपूरचं मे महिन्याचं ऊन, पंख्याखालीसुद्धा अंग भाजतं, आणि माय पेटीत लोकरीची शाल भरत होती. मी विचारलं तर म्हणाली, "जहाजात थंडी असते म्हणते." कोणी म्हटलं? कोंबड्या तिने शेजारणीला दिल्या. 'सांभाळ' नाही म्हणाली, 'ठेव' म्हणाली. एका संध्याकाळी ती मुखियाच्या घरी गेली आणि दिवे लागल्यावर आली. "काऊन गेली होती?" तर म्हणे, "हळद मागाले." हातात हळद नव्हती. आमच्या घरात हळदीचा डबा काठोकाठ भरलेला होता.

व्हिसासाठी मुंबईला बोटांचे ठसे द्यायचे होते. यंत्राला मायच्या बोटांवर रेषाच सापडेनात. रोजची जाळी आणि ओढीचा दोर ओढून ओढून तिच्या बोटांची कातडी गुळगुळीत झालेली. तिथला माणूस तिचा हात पुन्हा पुन्हा पुसून काचेवर दाबत होता, आणि मी मनात म्हणत होते, सापडू नयेत, सापडू नयेत. शेवटी सापडल्या.

जहाज म्हणजे पाण्यावर उभी केलेली कॉलनी. मजल्यावर मजले, लिफ्ट, दुकानं, गालिचे. मायने पहिल्यांदा केलं ते असं, की कठड्यापाशी जाऊन वाकून पाण्याकडे हात लांब केला. आमच्याकडे नव्या पाण्यात पाय टाकण्याआधी पाण्याला हात लावून कपाळाला लावतात. म्हणजे पाण्याला विचारायचं, येऊ का म्हणून. पण समुद्र कुठल्या कुठे खाली. ती हात मागे घेत म्हणाली, "न इचारताच बसलो आपण याच्यावर." मला ते लक्षण चांगलं वाटलं नाही.

लोक आमच्याकडे बघत. माय काष्टा घातलेल्या लुगड्यात, मी सलवार-कमीजमध्ये. मोहर्लीच्या गेटातून जिप्सीत बसून जंगलात जाणारे पर्यटक वाघाला बघतात तसे ते बघत, आणि वाघ जसा त्यांच्याकडे बघत नाही तशी माय त्यांच्याकडे बघत नसे. मी मात्र प्रत्येकाला उलटं बघत होते.

जास्त लक्ष माझं वहिनीवर होतं. ती सैल झगे घालत होती. पुण्याची बाई, तिखट नको, तेल नको करणारी, आणि आम्ही नेलेलं कैरीचं लोणचं नुसतं बोटाने चाटत होती. पोहण्याच्या हौदाकडे जायचं म्हटलं की तिला काहीतरी काम आठवे. मी शाळेत शिकवते, मला बेरीज येते. वहिनीला दिवस गेलेले होते, आणि मला कोणी सांगत नव्हतं. दृष्ट लागू नये म्हणून पहिले महिने लपवतात हे मलाही माहीत आहे. पण नणंदेपासून? मग दुसरी बेरीजही झाली. बाळंतपण येणार, तिकडे हाताखाली बाई मिळत नाही, मायला ठेवून घेणार. जहाज-बिहाज सगळा देखावा. मायला गोड खाऊ घालून, थंड हवेत बसवून, 'राह्य नं माय' म्हणायचं होतं भावाला. माझा राग भावावर होता, पूर्ण भावावर.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला भाऊ म्हणाला, "तुह्यं नाव टाकलो मी. लाटेवर उभं राहाची शिकवणी हाये वरती."

"मले इचारला का?"

"मजा येते. तू तळ्यावरची पोरगी, तुले जमन."

"तू काऊन नाई जात?"

"माही कंबर दुखून राह्यली."

त्याची कंबर आदल्या संध्याकाळी नाचताना दुखत नव्हती. मी मायकडे बघितलं. मला वाटलं ती म्हणेल, बाईमाणसाचं काय काम तिथे. ती पावाला लोणी फासत म्हणाली, "जाय वो. पाण्याले कायले भेते?" मायने मला कुठे जा म्हणावं ही नवीनच गोष्ट. मला घालवायचं होतं त्यांना. किती वेळ शिकवणी, असं मी विचारलं, तर तिघांनी एकदम वेगवेगळी उत्तरं दिली.

तरीही गेले. लपून काय चाललंय ते कळायला आधी त्यांना मोकळीक द्यावी लागते, हे मी वर्गात शिकले आहे.

शिकवणीची जागा सगळ्यात वर, जहाजाच्या मागच्या टोकाला होती. निळ्या रबराचा मोठा उतार, आणि खालच्या फटीतून पंपाने पाणी असं जोरात सोडलेलं की ते उताराच्या वर चढत जायचं. पाण्याला मातीचा वास नाही. ग्रामपंचायत विहिरीत टाकते त्या पावडरीचा वास. खोली म्हणाल तर घोटाही बुडत नाही. एवढंसं पाणी आणि एवढा जोर, आणि तोही उलट्या दिशेने. ज्या पाण्यात मासा राहू शकत नाही त्यावर माझा भरवसा नसतो.

शिकवणारा एक उंच गोरा मुलगा होता, नाकावर पांढरं मलम थापलेला. वहिनीच्या ट्रॅकसूटवर तरंगायचं जाकीट घातलेली मी दिसताच त्याने दोन्ही अंगठे वर केले. मी अंगठे वर केले नाहीत. पहिल्या दिवशी फळीवर पालथं पडून राहायचं होतं. मी पडले, पाण्याने मला उचललं, गरकन फिरवलं आणि वरच्या काठावर नेऊन आपटलं. नाकातोंडात ते पावडरीचं पाणी गेलं. सगळे हसले. तोही हसला आणि हाताने दाखवू लागला, खाली बघू नको, समोर बघ. आता मी पाण्याकडे न बघता पाण्यात कशी उभी राहणार? आम्ही लहानपणापासून तळ्यात पाय टाकताना खालीच बघतो. शिंगाड्याचे काटे असतात, खड्डे असतात. समोर बघून चालणारा आमच्या तळ्यात एकदाच चालतो.

शिकवणीच्या दुसऱ्या दिवशी त्याने दोर आणला.

नवशिक्याला फळीवर उभं करताना त्याच्या हातात दोराचं एक टोक देतात आणि दुसरं टोक शिकवणारा पुढून धरतो. तोल येईपर्यंत आधार. तोल आला की नवशिक्याने दोर सोडून द्यायचा. एवढी साधी गोष्ट आहे. पण कोणी मला ती आधी सांगितली नाही, आणि सांगितली असती तरी हात ऐकले नसते. दोर तळहाताला लागला आणि माझ्या टाचा आपोआप रुतल्या, कंबर मागे गेली, गुडघे वाकले. मी ओढीला सुरुवात केली. तो मुलगा हसत हसत काहीतरी ओरडत होता, मग हसायचा थांबला, मग पाय घसरून सरळ पाण्यात आला आणि माझ्या शेजारून वर वाहत गेला. दोर माझ्या हातातच होता. मी आडवी पडले, आपटले, काठावर गेले, तरी दोर माझ्या हातात. बाकड्यांवरचे लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्याने येऊन माझी बोटं एकेक करून उघडली.

मला इतका संताप आला की शिकवणी अर्धी टाकून मी खाली खोलीत गेले, अंगाचं पाणी गालिचावर ठिबकत. आत तिघांचं बोलणं चाललं होतं. मी दार उघडताच बंद झालं. वहिनी पलंगावर, माय तिच्या बाजूला, मायचा हात वहिनीच्या झग्यावर पोटाशी. भाऊ खिडकीत. मायचे डोळे ओले होते.

"काय चाललं?"

"काही नाही, टीव्ही बघत होतो," वहिनी म्हणाली.

टीव्ही बंद होता.

मी भावाला कठड्यापाशी गाठलं. "मायले ठेवून घ्याचा इचार हाये न तुहा? सरळ सांग. मृगाआधी ती गावी नसन तं बापाची जागा जाईन, हे माहीत हाये न तुले? का इसरला?"

तो आपल्या बुटांकडे बघत राहिला. "मायलेच इचार," म्हणाला.

मी विचारलं नाही. जन्मभर सगळ्यांचे खिसे तपासणारी मी, मायला एक प्रश्न विचारायला घाबरले. कारण ती खोटं बोलली असती तर मला कळलं असतं, आणि खरं बोलली असती तर मला ऐकावं लागलं असतं. त्या संध्याकाळी जेवणात मासा होता. सुरुवातीला मुलचेऱ्याला नोकरीवर असताना तिथे वसलेल्या बंगाली बायकांनी मला मोहरी वाटून मासा करायला शिकवला होता, तेव्हापासून कुठलाही मासा मी नावं न ठेवता खात नाही. त्या दिवशी गप खाल्ला. माय माझ्याकडे दोनदा बघून पुन्हा पानाकडे बघू लागली.

शेवटच्या शिकवणीला मी जाणार नव्हते. माय म्हणाली, "चाल, मी येतो पाहाले." पुन्हा संशय. पण या वेळी ती खरंच आली, बाकड्यावर पहिल्या रांगेत बसली, लुगड्याचा काष्टा घट्ट करून, जणू तिलाच उतरायचं होतं.

त्या मुलाने या वेळी दोर देताना स्वतःच्या छातीला हात लावून, मग माझ्याकडे बोट दाखवून, हात जोडले. ओढू नको बाई, असा त्याचा अर्थ. मी ओढलं नाही. फळीवर उभी राहिले, दोर धरला. पाणी पायाखालून धावत होतं आणि मी जागच्या जागी होते. तोल आला. मला कळलं तोल आला ते. त्यालाही कळलं. तो ओरडू लागला, हात उघडून दाखवू लागला. सोड, सोड. बाकड्यांवरचे लोकही ओरडू लागले. मी सोडला नाही. कोण कुठले लोक, त्यांच्या म्हणण्यावर मी दोर का सोडू? माझे खांदे भरून आले, पण मूठ उघडेना.

तेव्हा माय उठली. बाजूच्या रबरी काठापर्यंत आली, वाकली, त्या धावत्या पाण्याला हात लावून कपाळाला लावला. मग सरळ उभी राहून ओरडली, "सोडा!"

'सोड' नाही. 'सोडा.' पाळीवरून मुखिया ओरडतो तसं, पोटातून, शेवटचा स्वर लांबवत. माझी मूठ उघडली.

आणि मी उभी होते. हातात काही नाही, खाली बघत नाही, समोर मायचं तोंड. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, कदाचित एक श्वास असेल. मग फळी सरकली आणि पाण्याने मला वर नेऊन तिच्या पायाशी टाकलं.

ती खाली बसली आणि पदराने माझं तोंड पुसू लागली. "माह्याच म्हणण्यानं सोडला न?"

"तुह्याच."

"हं," ती म्हणाली. आणि पुसता पुसताच म्हणाली, "मी नाई येत तुह्यासंग. लेकरू होयेपर्यंत इथीच राहतो."

मला सगळं माहीत होतं, तरी तिचा पदर मी बाजूला सारला. मी उठून बसले. "पटवलं न भाऊनं तुले!"

"त्यानं नाई पटवली. मीच म्हटली त्याले. सून पोटुशी हाये असं त्यानं सांगतलं, तवा मीच म्हटली, मले बलाव, अन संग तुह्या बहिणीले बी, ती मले एकटी सोडनार नाई. तो तं म्हणत होता, ओढीनंतर ये. त्याले बी माहीत हाये बापाची जागा."

मी आजवर चुकीच्या माणसाचे खिसे तपासत होते. सगळा कट मायचा होता. शाल, कोंबड्या, हळद, सगळं तिचं.

"मले काऊन नाई सांगतली?"

"सांगतली असती तं तू येऊ देली असती मले?"

नसती दिली.

"अन जागा?" मी विचारलं. "बापाची जागा?"

"मुखियाले भेटून आली मी. म्हटली, यंदा घराचा हात माही पोरगी. तो म्हणे, लेकीचा हात कुठी चालते? म्हटली, मग कोणाचा हाये घरात? पोरगा तिकडे, मी बी तिकडे, चूल कोण पेटवते? हात तिचाच हाये. लय वेळ बसली मी तिथी. शेवटी म्हणे, उभी राहू दे. पण सुटला तं जागा गेली, मंग बोलाचं नाई." ती माझा हात उलटा करून तळव्याकडे बघू लागली. दोराने तिथे लाल पट्टा उठला होता. "शिकवणीचं तुह्या भावानं सांगतलं तवा मीच म्हटली, टाक तिचं नाव. पाण्यात उभी राहून दोर धरते का, पाहाचं होतं."

"माय, तू येशीन न परत?" हे मी रडत विचारलं. तो मुलगा आणि सगळे लोक बघत होते, बघू देत.

ती तिचे दोन्ही हात माझ्यापुढे धरून म्हणाली, "या हातानं जाळं अन दोरच धरला वो जनमभर. तू झाली तवा सव्वा महिना बी नाई झाला, मी तळ्यावर. तुह्या भावाच्या वेळी बी तसंच. लेकरं झाली, पण हातात घेऊन बसली नाई मी कवाच. एक लेकरू मले हातात घेऊन बसू दे. मंग येतो."

मी घरी एकटी आले. नागपूरला उतरले, येस्टीने गावी पोचले. शेजारीण कोंबड्या परत द्यायला आली, मी घेतल्या.

ओढीच्या दिवशी सकाळी पाळीवर सगळा गाव होता. मी जुनं लुगडं घट्ट आवळून नेसले होते. मायचंच होतं. मुखिया माझ्याकडे न बघता म्हणाला, "पुढं हो बाई." बायका पदर तोंडाला लावून बघत होत्या. मी पाण्याला हात लावून कपाळाला लावला आणि आत शिरले, गुडघ्यापर्यंत, मांडीपर्यंत, मग कमरेपर्यंत पाण्यात, पाय गाळात. दोर उचलला. मागे काका होता.

"जमन का वो?" त्याने विचारलं.

"तुमी आपलं धरा," मी म्हटलं.

ओढ सुरू झाली. मी खाली बघत नव्हते. समोर, पलीकडच्या दोराकडे बघत होते. पाय उचलायचा नाही, घासत मागे घ्यायचा, हे मला लहानपणापासून माहीत होतं, पण माहीत असणं आणि करणं यात फार गाळ असतो. अर्ध्यावर जाळं बुडाशी कशाततरी अडकलं. सगळा भार पुढच्याच्या हातावर येतो, म्हणजे माझ्या. दोर तळव्यातून सरकायला लागला, कातडी निघाली, पाणी बोटांत झोंबायला लागलं. जिवाच्या आकांताने धरला.

आणि तेवढ्यात आवाज आला. "सोडा!"

पोटातून, शेवटचा स्वर लांबवून. हुबेहूब. माझी बोटं ढिली व्हायला लागली होती, खोटं कशाला सांगू. जहाजावर हीच हाक ऐकून ती उघडली होती. पण आवाज पाळीवरून आला नव्हता. मागून आला होता, अगदी माझ्या मानेजवळून. मी मान वर करून मुखियाकडे बघितलं. तो तोंड मिटून उभा होता. हात खाली. मी दोर पुन्हा आवळला आणि मागे न वळता म्हटलं, "काका, पाळीवर जाऊन वरडा."

मागे दोन-तीन जण फिसकन हसले. एकजण म्हणाला, "काय गा भाऊ, सकाऊ सकाऊच घेतली का?" कोणी दोर सोडला नव्हता, काकानेही नाही. फक्त मीच सोडावा अशी ती हाक होती. अडकलेलं जाळं एकदा हिसकलं आणि मोकळं झालं, आणि आम्ही ते काठापर्यंत आणलं. मुखिया 'सोडा' म्हणाला तेव्हाही मी आधी त्याच्या तोंडाकडे बघून खात्री केली, मग हात उघडले.

मोबाइलची रेंज तेव्हा फक्त पाळीवर चढलं की यायची. अंगावरच्या चिखलासकट मी चढले आणि भावाला फोन लावला. त्याने मायला दिला.

"सुटला तं नाई?" तिने पहिलं हेच विचारलं.

"नाई."

पलीकडे तिने भावाला 'नाई सुटला' म्हणून सांगितलं. मग म्हणाली, "त्यानं हाक देली असन न मागून?"

"तुले कसं माहीत?"

"मले बी देली होती, तुहा बाप गेला त्या साली. अशीच."

"अन तू मले सांगतली नाई? माय, मी सोडणारच होती! तू जहाजावर हाक देली, मी सोडला, तवा तरी सांगाचं होतं! एवढी बापाची जागा, अन तू माह्या भरवशावर सोडून देली?"

"तुह्यावर कायचा भरवसा," माय म्हणाली. तिचा आवाज ओला झाला होता, पण ती हसत होती हे मला इतक्या लांबून कळत होतं. "तू कोणावर भरवसा ठेवत नाई, त्याचा भरवसा होता मले."

फोन ठेवल्यावर मी पाळीवरच बसले. तळवे आग आग करत होते. खाली मासे वाटायला घेतले होते, आणि मुखियाने आमच्या घराचा वाटा म्हणून माझ्या नावाने हाक मारली. मी उठले, आणि जायच्या आधी एकदा बघून घेतलं की हाक खरंच त्यानेच मारली होती.